अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले, ग्रीन कार्डचा अर्ज राहून गेला : आता काय?

राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर, शैक्षणिक कर्जावर किंवा कंपनीच्या नोकरीतून आपल्या समाजातील मुले-मुली अमेरिकेत पोहोचली आहेत. त्यातील काहींचे तिथल्या नागरिकाशी लग्न होते. मग काही घरांतून एकच प्रश्न येतो. लग्नाला दोन-चार वर्षे झाली, व्हिसाची मुदत कधीच संपली, ग्रीन कार्डचा अर्ज मात्र केलाच नाही. आता अर्ज केला तर पकडतील का? की गुपचूप भारतात येऊन नव्याने व्हिसा काढावा?

विचारणारे बहुधा इथले आई-वडील किंवा भाऊ असतात. त्यांना दुसरा मार्ग सरळ आणि सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तोच घातक ठरतो. उशीर झाला म्हणून अमेरिकेतला अर्जाचा मार्ग बंद होत नाही, पण घाबरून देश सोडला तर तो दहा वर्षांसाठी बंद होऊ शकतो. मी वकील नाही. समाजकार्य करताना या विषयातले जे नियम पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागतात, ते इथे एकत्र मांडत आहे.

लग्नानंतर किती दिवसांत?

लग्नानंतर अमुक दिवसांत ग्रीन कार्डचा अर्ज केलाच पाहिजे, अशी मुदत अमेरिकेच्या कायद्यात नाही. उशीर होतो तो व्हिसावरील मुक्कामाच्या मुदतीला. ही मुदत व्हिसाच्या शिक्क्यावर पाहायची नसते. ती आय-९४ या प्रवेशनोंदीवर असते. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी नोंद असते, म्हणजे शिक्षण नियमाप्रमाणे चालू असेपर्यंत मुक्काम.

मुदत संपल्यावर इतर बहुतेकांना अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागता येत नाही. नागरिकाच्या पती-पत्नीला मात्र सूट आहे. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये त्यांना ‘जवळचे नातेवाईक’ या वर्गात धरले आहे. या वर्गाला वार्षिक कोटा नाही, म्हणून रांगही नाही. मुदतीपेक्षा जास्त राहणे आणि परवानगीशिवाय नोकरी करणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अर्जाला आपोआप आड येत नाहीत. समलिंगी जोडप्यांनाही २०१३ पासून हाच नियम लागू आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. पती किंवा पत्नी ‘तिकडची’ आहे एवढेच घरच्यांना माहीत असते. नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक, हे विचारलेलेच नसते. फरक फार मोठा आहे. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला कोटा लागतो आणि मुदत संपलेली असेल तर वरील सूट मिळत नाही. जोडीदार पुढे नागरिक झाला की परिस्थिती बदलते. त्यामुळे काही जोडप्यांसाठी पहिले काम ग्रीन कार्डचा अर्ज नसून जोडीदाराने नागरिकत्व घेणे हे असते.

प्रवेश कसा झाला, हे आधी पाहा

सूट मिळण्यासाठी अमेरिकेत प्रवेश अधिकाऱ्यासमोर, तपासणी होऊन झालेला असला पाहिजे. विमानतळावर शिक्का मारून आत आलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट नंतर संपला किंवा हरवला तरी तो प्रवेश पुसला जात नाही. तो सिद्ध करावा लागतो एवढेच. जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्स, विमानाचे तिकीट, आय-९४ ची प्रत, जे असेल ते जपून ठेवा. ‘डंकी’ मार्गाने सीमा ओलांडून गेलेल्यांना मात्र निव्वळ लग्नाच्या जोरावर देशात राहून ग्रीन कार्ड मिळत नाही.

कोकण आणि गोव्यातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. जहाजावरचा कर्मचारी म्हणून क्रू व्हिसावर उतरलेल्या व्यक्तीला नागरिकाशी लग्न करूनही तिथे राहून हा अर्ज करता येत नाही. मंगेतर म्हणून के-१ व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला ज्याने व्हिसासाठी अर्ज केला त्याच नागरिकामार्फत ग्रीन कार्ड मागता येते, दुसऱ्याशी लग्न करून नाही. काही जे-१ व्हिसांना दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, तीही आधी तपासावी.

विमानात बसण्याआधी

१९९६ साली झालेल्या आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, १८० दिवसांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी काळ बेकायदेशीर मुक्काम करून स्वतःहून देश सोडला तर तीन वर्षे परत येता येत नाही. मुक्काम एक वर्ष किंवा जास्त असेल तर दहा वर्षे. ही बंदी सुरू होते ती देश सोडल्यावर. जोपर्यंत माणूस अमेरिकेत आहे, तोपर्यंत ती लागतच नाही.

म्हणजे चार वर्षे मुदतीबाहेर राहिलेली पत्नी तिथे राहून अर्ज करते तेव्हा तिला सूट आहे. तीच पत्नी आईच्या आजारपणासाठी नागपूरला आली की दहा वर्षांची बंदी घेऊन येते. मग मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसा मागताना आय-६०१ हा माफीचा अर्ज करावा लागतो आणि तिच्यावाचून नागरिक पतीला ‘आत्यंतिक हालअपेष्टा’ सोसाव्या लागतील, हे सिद्ध करावे लागते. नुसता विरह त्यात मोजला जात नाही. ‘एकदा येऊन जा, मग बघू’ असे फोनवर म्हणणाऱ्या नातेवाईकांना हे माहीत नसते. त्यांना ते सांगणे हे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचे काम आहे, कारण तिकडच्या मुलीला आईसमोर ‘येऊ शकत नाही’ म्हणणे फार जड जाते.

डी/एस नोंदीवर आलेल्या विद्यार्थ्यांचा बेकायदेशीर मुक्काम मोजण्याची पद्धत वेगळी आहे. शिक्षण सुटले म्हणून त्याच दिवशी मोजणी सुरू होत नाही. सरकारी निर्णय किंवा न्यायाधीशाचा आदेश झाल्यावर होते. पण हा हिशोब स्वतःच मांडून तिकीट काढू नका, वकिलाकडून तपासून घ्या.

अर्ज दाखल झाल्यावरही मन मानेल तेव्हा प्रवास करता येत नाही. अर्ज प्रलंबित असताना ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ ही पूर्वपरवानगी न घेता देश सोडला, तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पूर्वपरवानगी घेऊन केलेल्या प्रवासामुळे दहा वर्षांची बंदी लागत नाही, असा इमिग्रेशन अपील मंडळाचा २०१२ चा निकाल आहे, आणि त्या खटल्यातले जोडपे भारतीयच होते. तरी परवानगी हातात असली म्हणून परत प्रवेश मिळेलच याची हमी नसते. आताच्या वातावरणात वकिलाला विचारल्याशिवाय निघू नये.

सूट कुठे संपते

नोकरीच्या आय-९ फॉर्मवर स्वतःला ‘अमेरिकन नागरिक’ म्हणून खूण करणे ही किरकोळ चूक वाटते. पण खोटे नागरिकत्व सांगण्यावर कायमची बंदी आहे आणि लग्नामुळे ती माफ होत नाही. तिथे मतदान केले असेल तरीही हाच धोका आहे. अर्ज करण्याआधी या दोन गोष्टी वकिलाला स्वतःहून सांगाव्यात. व्हिसा घेताना दिलेली खोटी माहिती आणि गुन्ह्याची नोंद यांचेही तसेच.

न्यायालयाने पूर्वी हद्दपारीचा आदेश दिला असेल तर मामला पूर्ण वेगळा होतो. तारखेला हजर न राहिल्याने असा आदेश निघालेला असतो आणि पत्ता बदलल्यामुळे माणसाला तो माहीतही नसतो. आधी त्याचा छडा लावावा, मगच अर्ज.

आता भीतीबद्दल. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अर्ज प्रलंबित आहे म्हणून हद्दपारीच्या कारवाईपासून संरक्षण मिळतेच असे नाही. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अर्ज नामंजूर झाला आणि मुक्काम वैध नसेल तर इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोत मुलाखतीला गेलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. म्हणून मुदत संपलेल्या व्यक्तीने हा अर्ज एकट्याने भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण काहीच न करता आणखी पाच वर्षे काढणे हा सुरक्षित पर्याय नाही. तेव्हा कारवाई झाली तर हातात दाखल केलेला अर्जही नसेल.

वकील म्हणजे परवानाधारक वकील किंवा तिथल्या न्याय विभागाने मान्यता दिलेला प्रतिनिधी. ‘पेपर करून देतो’ म्हणणारा ओळखीचा सल्लागार नव्हे.

कागदपत्रे, आणि आपला विवाह

नागरिक जोडीदार आय-१३० भरतो, अर्जदार आय-४८५ भरतो, आणि दोन्ही एकत्र देता येतात. सोबत उत्पन्नाची हमी देणारा आय-८६४ आणि वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ लागतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार कागदी आय-१३० ला ६७५ डॉलर, आय-४८५ ला १,४४० आणि सोबतच्या कामाच्या परवान्याला २६० डॉलर, म्हणजे २,३७५ डॉलर. वैद्यकीय तपासणी आणि वकील वेगळे. भरण्याआधी दर पुन्हा पाहावेत. जोडीदाराचे उत्पन्न कमी असेल तर दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती विवाहाच्या पुराव्याची. भारतात विहारात किंवा मांडवात बौद्ध पद्धतीने लग्न झालेले असते, बौद्धाचार्यांनी दिलेले प्रमाणपत्र असते, अल्बम असतो. सरकारी नोंदणी नसते. अमेरिकेचे इमिग्रेशन खाते विवाह जिथे झाला तिथल्या कायद्याने तो वैध आहे का हे पाहते आणि सरकारी दप्तराचा दाखला मागते. बौद्ध विवाह आज हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कक्षेत येतो (स्वतंत्र कायद्याची आपली मागणी जुनी आहे, पण अर्जाला ती थांबलेली चालत नाही). त्या कायद्यात दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने झालेला विवाह चालतो, सप्तपदीच हवी असे नाही. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ पाहावा लागतो. जाण्यापूर्वी नोंदणी करून दाखला घ्या. जुन्या विवाहाचीही नोंदणी महाराष्ट्रात विलंबाचा दंड भरून करता येते.

नोंदणी राहिली आणि मुलगी मुदतीबाहेर अमेरिकेत आहे, तर केवळ नोंदणीसाठी तिला भारतात बोलावू नका. वरची दहा वर्षे आठवा. दाखला उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, बौद्धाचार्यांचे आणि हजर असलेल्यांचे शपथपत्र, पत्रिका आणि फोटो असा दुय्यम पुरावा देण्याची सोय आहे. जन्मदाखल्याचेही तेच. तो नसेल किंवा त्यावर नावच नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचे सहीचे प्रमाणन लागते.

विवाह खरा आहे हे मुलाखतीत तपासले जाते. दोघांच्या नावाचा भाडेकरार, बँक खाते, करविवरण, विमा असे कागद सुरुवातीपासून गोळा करावेत. कागदोपत्री लग्नाचा सल्ला कुणी दिला तर त्याला दुरूनच हात जोडा. पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, आणि पुढे खरे लग्न केले तरी अर्ज मंजूर होत नाही.

ज्या मुदती खरोखर पाळाव्या लागतात

ग्रीन कार्ड मिळाले तेव्हा लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ते सशर्त, दोन वर्षांचेच असते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. तो राहिला तर वास्तव्याचा हक्क संपतो. उशीर झालाच तर सबळ कारण लेखी देऊन भरता येतो. घटस्फोट झाला असेल, छळ झाला असेल, तर जोडीदाराच्या सहीशिवाय एकट्याने भरता येतो आणि त्याला ९० दिवसांची चौकट नाही.

नागरिक जोडीदाराचा मृत्यू झाला तर विधवा किंवा विधुर आय-३६० हा अर्ज स्वतः करू शकतात, मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत आणि पुनर्विवाह केला नसेल तर. लग्नाला आधी दोन वर्षे झालेली असावीत, ही जुनी अट ऑक्टोबर २००९ मध्ये रद्द झाली.

आणि काही घरांत अर्ज राहून गेलेला नसतो, राहवलेला असतो. पासपोर्ट नवऱ्याकडे, आय-१३० वर सही त्याची, आणि भांडण झाले की ‘इमिग्रेशनला फोन करीन’. बाहेरून पाहणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. तो सत्तेचा वापर असतो. १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने, ज्याला तिथे ‘वावा’ म्हणतात, छळ सोसणाऱ्या जोडीदाराला नागरिकाच्या सहीशिवाय स्वतः आय-३६० भरण्याचा हक्क दिला. पुरुषही तो वापरू शकतात. मारहाणच हवी असे नाही, तीव्र मानसिक क्रौर्यही त्यात येते. हा अर्ज मंजूर झाल्यावर ग्रीन कार्ड मागताना तपासणी होऊन प्रवेश झाल्याची अटही लागत नाही. छळाशी संबंधित घटस्फोट झाला असेल तर मात्र घटस्फोटापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. अर्ज केल्याचे नवऱ्याला कळवले जात नाही, आणि केवळ त्याने पुरवलेल्या माहितीवर तिच्याविरुद्ध निर्णय घेण्यास खात्याला कायद्याने मनाई आहे. या अर्जाला शुल्क नाही. पत्रव्यवहारासाठी घराऐवजी दुसरा सुरक्षित पत्ता देता येतो. तो मैत्रिणीचा किंवा वकिलाचा असावा, जिथे पत्र नवऱ्याच्या हाती पडणार नाही.