रांगेचे मूल्य : शेगावची दर्शनबारी आणि मनोरंजन उद्यानांतील सशुल्क अग्रप्रवेश

रांग ही आधुनिक समाजाची एक दुर्लक्षित संस्था आहे. तिचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच लिहिला गेला; परंतु वाट कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, या प्रश्नाच्या उत्तरात त्या त्या काळातील समाजरचना स्पष्ट उमटते. मनोरंजन उद्यानांत जादा पैसे भरून रांग ओलांडण्याची जी सोय आता रूढ झाली आहे, तिचा विचार बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उद्बोधक ठरते.

मनोरंजन उद्यानांच्या मूल्यनिर्धारणाचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्ये प्रत्येक खेळाचे वेगळे कूपन असे. खेळ जितका आकर्षक तितके कूपन महाग, त्यामुळे गर्दीचे वाटप किमतीनेच होई. १९८२ मध्ये कूपने बंद होऊन एकाच प्रवेशशुल्कात सर्व खेळ खुले झाले. किंमत गेली आणि तिची जागा रांगेने घेतली. १९९९ मध्ये आलेला फास्टपास ठरावीक वेळ राखून देई, पण त्यासाठी पैसे लागत नसत. २०२१ मध्ये तो कायमचा जाऊन सशुल्क लाइटनिंग लेन आली. २०२४ मध्ये फ्लोरिडातील उद्यानांसाठी आलेल्या प्रीमियर पासची किंमत दिवस व उद्यान पाहून १२९ ते ४४९ डॉलर अशी बदलती ठेवण्यात आली. म्हणजे १९८२ मध्ये दाराबाहेर घालवलेली किंमत चार दशकांनी परत आली. फरक इतकाच की आता ती खेळावर नव्हे, तर प्रतीक्षेवर आकारली जाते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकानेही साध्या तिकिटाहून महाग असे एक्स्प्रेस तिकीट ठेवले.

या व्यवहारातील हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. एखादा पाळणा ताशी १,००० जणांना सामावून घेतो आणि रांगेत १,४०० जण उभे आहेत असे गृहीत धरू. शेवटच्या माणसाला ८४ मिनिटे थांबावे लागेल. ताशी ३०० जागा अग्रप्रवेशासाठी राखल्या, तर त्याच माणसाची प्रतीक्षा १२० मिनिटांची होते. पाळण्याचा वेग वाढलेला नाही. एकाने विकत घेतलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यातून वजा झाला आहे आणि त्याचा मोबदला मात्र त्या दुसऱ्याला मिळत नाही, तो चालकाला मिळतो. शिवाय साधी रांग जितकी त्रासदायक तितका पास अधिक खपतो. त्यामुळे रांग कमी करण्याची चालकाची निकड ओसरते. भारतीय रेल्वेच्या १९९७ मधील तत्काळ योजनेत आणि २०१४ मधील प्रीमियम तत्काळमध्ये हीच दिशा दिसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न उद्यानांपेक्षा देवळांच्या दारात अधिक जुना आहे. मुळात सर्वांची एक रांग हीच अलीकडची गोष्ट होय. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. तेथील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले आणि त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपला. जन्माने मिळणारा अग्रक्रम असा मोठ्या कष्टाने हटविला गेला. त्याच काळात पैशाने मिळणारा अग्रक्रम मात्र फारशा विरोधाविना रुजला. शिर्डीत सशुल्क दर्शन पासचा दर अनेक वर्षे २०० रुपये होता. त्र्यंबकेश्वरातही २०० रुपयांचे देणगी दर्शन सुरू झाले. या पैशातून रुग्णालये व अन्नछत्रे चालतात, हा संस्थानांचा युक्तिवाद खोटा नाही. तथापि देणगी ऐच्छिक असते आणि शुल्काच्या बदल्यात जागा मिळते, हा भेद त्यात पुसला जातो.

या पार्श्वभूमीवर शेगावचे वेगळेपण उठून दिसते. श्री गजानन महाराज १८७८ मध्ये येथे प्रकट झाले व १९१० मध्ये समाधिस्थ झाले. संस्थानची स्थापना त्यापूर्वीच, १९०८ मध्ये झाली. प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीला येथे दिंड्यांसह प्रचंड गर्दी लोटते. तरीही संस्थानने दर्शनबारीतील पुढची जागा विकली नाही. ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी दुरून मुखदर्शनाची वाट आहे, परंतु तिलाही किंमत नाही. गर्दीचे उत्तर येथे दरपत्रकात नव्हे, तर व्यवस्थेत शोधले गेले : पाळीपाळीने विनावेतन राबणारे सेवेकरी, बारीतील पाणी व बसण्याची सोय, कमालीची स्वच्छता. दिवंगत व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील (निधन २०२१) यांच्या काळात या शिस्तीची कीर्ती राज्याबाहेर गेली. २०२० मध्ये कोरोनानंतर मंदिर उघडले तेव्हा ई-पास आवश्यक झाला. वेळ राखून देणारा, पण विकला न जाणारा हा पास १९९९ च्या फास्टपासच्या जवळचा होता, हा योगायोग मनोरंजक आहे.

याच संस्थानने खारपाणपट्ट्यातील शेगावी, या शतकाच्या आरंभी, कृत्रिम तलावाभोवती आनंदसागर हे विस्तीर्ण उद्यान उभारले. तलावातील ध्यानकेंद्र, बाग, मुलांची छोटी आगगाडी असे त्याचे स्वरूप होते. प्रवेशासाठी अल्प शुल्क असे; म्हणजे शुल्काला संस्थानचा तात्त्विक विरोध नव्हता. पुढे ते काही वर्षे बंद राहिले व नंतर अंशतः खुले झाले. परंतु वऱ्हाडातील खेड्यांतून एस.टी.ने किंवा पॅसेंजरने आलेले शेतमजूर कुटुंब दर्शन आटोपून तेथे पोहोचत असे, तेव्हा आगगाडीसाठी ते ज्याच्या मागे उभे राही तो मोटारीतून आलेला नागपूरचा डॉक्टरही असू शके. आणि गाडी आली की दोघांची मुले एकाच डब्यात बसत.