घरचे सुतारमेट : एका अभ्यासाची प्रस्तावना

स्वतःच्या हाताने पाट, चौरंग, खुर्ची किंवा कपाट करायचे आणि त्यासाठी लागणारी जुनी यंत्रे घरीच उघडून, साफसूफ करून पुन्हा चालती करायची, याकडे लोक सहसा फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहतात. माझ्या मते ही रीतसर विद्या आहे. तिच्यात झाडांचे ज्ञान आहे, भूमिती आहे, विजेचे शास्त्र आहे आणि गावगाड्याचा इतिहासही आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला ती शिकायला लांब जावे लागत नाही. गावचा सुतार आणि बाजारपेठेत मोटारी भरून देणारा कारागीर हे तिचे दोन गुरू. या दोघांकडची जाण एकत्र आणणे हेच या अभ्यासाचे खरे काम आहे.

सुरुवात तेरपासून करावी. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. इथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे, अशीही नोंद त्यात आहे. इतिहासाचे अभ्यासक त्या गाड्यांवरच्या कापडाबद्दल लिहितात. आपण गाड्यांकडे पाहावे. एवढ्या लांबच्या वाटेला पुरे पडणारी गाडी जोडायची तर लाकूड ओळखणारे हात हवेतच. त्याच तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. मंदिर विटांचे, चौकट मात्र लाकडाची. या विद्येत येणाऱ्याने पहिला नमस्कार त्या चौकटीला करावा.

पुढचा दुवा बलुतेदारीचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' १९१५ साली निघाले. सुताराचे गावातले स्थान समजून घ्यायला ते आजही वाचावे. सुताराने नांगर, कुळव, तिफण करून द्यायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, ही रीत. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता आणि गुण्या एवढ्या हत्यारांवर तो आख्खी बैलगाडी उभी करी. त्याचे चाक नीट पाहण्यासारखे असते. मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे बसवायचे, मग लोखंडी धाव लालभडक तापवून वर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळले जातात. सांध्याला सरस लागत नाही. सांधा कशाने धरतो हे या चाकात ज्याला उमगले, त्याला खुर्चीच्या पायाचे कुसू उन्हाळ्यात का खुळखुळते हेही उमगेल.

कारण लाकूड झाड तोडल्यावरही हलत राहते. ओलावा गेला की ते रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. रुंदीतही वर्तुळांच्या रेषेत ते जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. फळी वाकते ती या फरकामुळे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात ओल्या लाकडाची टोके तडकतात, म्हणून टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावून ते सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचावे. गाडीच्या कामाची बाभूळ जुने सुतार पाण्यात बुडवून ठेवत, ती कीड लागू नये म्हणून. आणि झाड बांधावरचे, आपल्या मालकीचे असले तरी साग, आंबा, चिंच अशी झाडे तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, हेही या अभ्यासाचाच भाग आहे.

जुन्या लाकडाविषयी या जिल्ह्यात बोलताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. त्या भूकंपात लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतली सुमारे ८,००० माणसे गेली. इथली माळवदाची घरे खणांनी मोजत; आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, बाहेर दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड धाबे. भिंती कोसळल्या तरी कित्येक घरांतला लाकडी सांगाडा उभा राहिला, असे नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवले. जुन्या वाड्याची तुळई हाती आली तर तिचा मान ठेवावा. अनेक दशके वाळलेले असे लाकूड वखारीत सहसा मिळत नाही. करवतीखाली घालण्यापूर्वी मात्र लोहचुंबक फिरवून त्यातले खिळे शोधावेत. एक खिळा पात्याचे दात घालवतो आणि डोळ्यालाही इजा करू शकतो.

आता यंत्रांकडे. १९१७ साली अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. आज हातात धरायची बहुतेक ड्रिल त्याच घडणीची आहेत. आपल्याकडे मुंबईच्या रालीवुल्फची धातूच्या अंगाची जड ड्रिल कारागिरांच्या ओळखीची. असे जुने ड्रिल उघडून पाहणे हा या विद्येतला उत्तम धडा आहे. आधी प्लग काढावा. दोन्ही बाजूंचे कार्बन स्प्रिंगसकट बाहेर घ्यावेत. झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले असतील तर जोडीने बदलावेत. आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर बारीक काचकागदाने पुसाव्यात. एमरी वापरू नये, तिचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकून वीज वाहू देतात. गिअरमधले सुकून मेणासारखे झालेले ग्रीस रॉकेलने धुऊन नवे भरावे.

एका जागी बसवलेली करवत किंवा रंधा मशीन बहुधा इंडक्शन मोटारीवर चालते, म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्याच जातीच्या मोटारीवर. चार पोलची अशी मोटार आपल्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. तिच्या बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. ही मापे जगभर एकच असल्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या परदेशी यंत्राचे बेअरिंगही कळंब किंवा उमरग्याच्या बाजारात मिळू शकते. या जिल्ह्याची शेती विहिरी आणि बोअरवर उभी आहे, म्हणून मोटार भरून देणारे हात इथे जागोजागी तयार झाले. विजेचा दाब कमी असताना भाराखालची मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, हे इथल्या कारागिराला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. दुष्काळी मुलखाने पाण्यासाठी कमावलेली ही जाण लाकूडकामाला आयती मिळते. या मुलखाची ही फार मोठी ठेव आहे, असे मला मनापासून वाटते.

जुने ते सगळे राखावे असे मात्र नाही. वायरचे आवरण चुरगळलेले, अंगाला झटका देणारे किंवा पात्यावरची जाळी हरवलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवावा. गोल करवतीवर लाकूड पात्यात आवळले की ते चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते, म्हणून पात्याच्या रेषेत उभे राहू नये. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसात साचतो, तेव्हा नाकातोंडाला मास्क हवाच.

शिकण्याचा क्रम साधा ठेवावा. आधी निसण्यावर पटाशीला धार लावायला शिकावे, मग हातरंध्याने एक फळी गुण्यात आणावी, मग एक सांधा करावा, आणि त्यानंतरच यंत्र. हाताला सांधा कळला की यंत्राची चूक लगेच लक्षात येते.

एक काम मात्र लांबणीवर टाकता येणार नाही. टायरच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आल्यापासून लाकडी चाकाचे काम उठत चालले आहे आणि ते जाणणारे हात वयस्क झाले आहेत. तुमच्या गावात असे आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. चाकाची मापे, लाकडाची पारख, हत्याराच्या धारेचा कोन वहीत उतरवून घ्या, आणि त्यांच्या देखरेखीखाली निदान एक पाट तरी स्वतः करा.