आपलं काय जातं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणी आमच्या आळीत पोस्टमन अधूनमधून एक निनावी पोस्टकार्ड टाकून जाई. शेजारच्या घरी येणारे कार्ड संतोषीमातेचे असे. अशी इतकी पत्रे लिहून पाठवा, भरभराट होईल. फाडून टाकाल तर घरावर संकट येईल. मग शेजारच्या काकू मुलांना कंदिलाभोवती बसवून पत्रे लिहून घेत.

आमच्या घरी दुसरे पत्रक येई. मदिनेतल्या शेख अहमद नावाच्या खादिमाला स्वप्न पडले, कयामत जवळ आली, हे पत्रक वाटा. न वाटणाऱ्याचे वाईट होईल. पुढे वाचनात आले की, या पत्रकाबद्दल स्नूक हुर्खोन्ये या डच अभ्यासकाने १८८०च्या दशकातच लिहून ठेवले आहे. शंभर वर्षे एकच शेख अहमद एकच स्वप्न पाहत होता! वडील ते पत्रक हसून बाजूला ठेवत. अम्मी मात्र आम्हाला दोन-चार प्रती करायला लावी. म्हणे, ‘पाठवून टाका. आपलं काय जातं?’

मंडळी, आज इंटरनेटवर मुलाबाळांना कसे जपावे, हा विषय निघाला की मला हेच वाक्य आठवते. गेल्या तीस वर्षांचा इतिहास मी या वाक्याच्या वाटेने सांगणार आहे.

विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर सव्वा महिन्याने, २१ सप्टेंबरला, गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली. ती पसरायला इंटरनेट लागले नाही. टेलिफोन पुरला. एसटीडी बूथवर रांगा लागल्या, देवळांपुढे रांगा लागल्या. नुकसान झाले ते दुधाचे.

पोस्टकार्डाला हात दुखेपर्यंत लिहावे लागे. टेलिफोनला एकेक नंबर फिरवावा लागे. त्या खटाटोपात भीती थोडी थंडावत असे. २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की तो वाड्या-वस्त्यांवर पोहोचला. खटाटोप संपला. आणखी एक गोष्ट बदलली. पोस्टकार्ड निनावी असे, म्हणून त्याच्यावर थोडा संशय तरी येई. मोबाइलवरचा निरोप मामा पाठवतो, मेहुणा पाठवतो, गावच्या शाळेचे मास्तर पाठवतात. आपण पाठवणाऱ्याचे नाव पाहतो आणि निरोपावर विश्वास ठेवतो. तो मुळात कुणी लिहिला, हे मामालाही ठाऊक नसते.

२०१८चा उन्हाळा आठवून पाहा. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, असे निरोप देशभर फिरत होते. सोबत एक चित्रफीत असे. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात. ती चित्रफीत होती कराचीची! पालकांनी सावध राहावे म्हणून तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. मूळ फितीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. मुलांच्या काळजीपोटी केलेली फीत मुलांच्याच नावाने माणसे मारायला कामी आली.

त्या जूनमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवरही असा निरोप आला. माझी भाची तेव्हा चौथीत होती. मी तो निरोप तीन ठिकाणी पुढे पाठवला. खबरदारी म्हणून. आपलं काय जातं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भटकी जमात, भिक्षा मागून जगणारी. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे लोक. मुले पळवणारे म्हणून जमाव त्यांच्यावर तुटून पडला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन तिथे ठार मारण्यात आले. पाचही जण गेले.

डवरी गोसावी मी लहानपणी पाहिलेला आहे. हातातले डौर वाजवत तो आमच्या दारी येई आणि अम्मी त्याच्या झोळीत वाटीभर पीठ घाली. कुणाचा धर्म कोणता, हे त्या वाटीला माहीत नव्हते. माझा निरोप काही राईनपाड्यापर्यंत पोहोचला नसेल. पण दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेतला तेव्हा मला माझ्या बोटाची लाज वाटली.

त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, असाच जमाव पाच परगावच्या माणसांभोवती जमला. त्यांच्यात एक दोन वर्षांचे मूल होते. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले, पोलीस आले आणि पाचही जीव वाचले. निरोप तोच होता. मालेगावात एका माणसाने दार उघडले, एवढाच फरक.

त्यानंतर हालचाल झाली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. पुढे ढकललेल्या निरोपावर व्हॉट्सअ‍ॅप तशी खूण दाखवू लागले. भारतात एका वेळी पाच ठिकाणीच निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आली; जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे यंत्राने पोस्टकार्डाचा थोडा खटाटोप परत आणला.

पण मुलांचे काय? आपण वेशीवर अनोळखी माणूस शोधत होतो. मुलांवरच्या अत्याचारांच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांगतात. इंटरनेटवर तर अनोळखी माणूस आधी ओळखीचा होतो. एखाद्या खेळात सोबती बनतो, कौतुक करतो, एक फोटो मागतो आणि मग त्या फोटोवरून धमकावतो. ही माणसे चिमुकल्याला मोटारसायकलवरून उचलत नाहीत. मूल घरात, आपल्या शेजारच्या खोलीतच असते.

कायदा हळूहळू इथवर आला आहे. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे आणि त्यांना इंटरनेटवर जाळ्यात ओढणे हे गुन्हे ठरवणारे ६७-ब कलम २००९ साली अमलात आले. पॉक्सो कायदा २०१२च्या बालदिनी लागू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अशी सामग्री जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली. पैशांची फसवणूक झाली तर १९३० आहे. हे दोन्ही क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मात्र क्रमांक फिरवण्याआधी मुलाने तोंड उघडले पाहिजे. माझी ती भाची आता कॉलेजात जाते. मध्यंतरी एका संध्याकाळी ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘मामू, एक दाखवायचंय. पण अम्मीला सांगून मोबाइल काढून नाही ना घेणार?’ कुणीतरी तिच्याकडे फोटो मागत होता. तिने पाठवला नव्हता. तरी ती पंधरा दिवस गप्प होती. त्या माणसापेक्षा तिला आमच्या रागाची भीती जास्त होती.

तिला मी एवढेच म्हणालो, ‘बरं केलंस, सांगितलंस.’ मोबाइल तिच्याकडेच राहिला. तिच्या अम्मीला आम्ही दोघांनी मिळून सांगितले आणि तक्रारही केली.

मंडळी, भीती वाटावी असे निरोप उद्याही येतील. ते पुढे पाठवण्याआधी एकदा राईनपाडा आठवा. आणि आपले मूल काही सांगायला आले, तर रागावण्याआधी मालेगावचे ते दार आठवा.