श्वापदांचे गंधलेख

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर नांदेड जिल्ह्याचे किनवट आणि माहूर हे तालुके आणि उत्तर तीरावर यवतमाळचा मुलूख अशी सरकारी दफ्तरातली वाटणी असली, तरी तेथील सागवानी अरण्यात हिंडणाऱ्या वाघाला ती सीमा ठाऊक नाही. त्या उत्तरेकडच्या रानात, पांढरकवड्याच्या परिसरात, तेरा माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानली गेलेली टी-1 अर्थात अवनी ही वाघीण वनखात्याला महिनोन्महिने हुलकावणी देत होती. 2018 च्या पावसाळ्यानंतर तिच्या शोधासाठी पिंजरे, हत्ती, ड्रोन आणि शिकारी कुत्रे अशी सारी साधने जमवली गेली, आणि त्यांच्या जोडीला केल्विन क्लाइन या अमेरिकन कंपनीचे ‘ऑब्सेशन’ नावाचे पुरुषांचे अत्तरही रानात शिंपडण्यात आले. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती वाघीण गोळीला बळी पडली. अत्तराची ही हकिगत त्या काळी अनेकांनी करमणुकीसाठी वाचली; परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या मराठवाड्याच्या माळरानाशी त्याचा संबंध पुष्कळांना वाटतो त्याहून निकटचा आहे. श्वापदाला जवळ आणायचे असेल, तर त्याच्या नाकाशी कोणत्या भाषेत बोलावे, हा तो प्रश्न.

अमेरिकन अत्तराची निवड लहरीने झालेली नव्हती. 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात दोन चित्त्यांपुढे चोवीस प्रकारची अत्तरे ठेवून पाहिली असता, याच अत्तरापाशी ते सर्वांत जास्त, म्हणजे सरासरी अकरा मिनिटांहून किंचित अधिक काळ, अंग घासत आणि हुंगत राहिले. पुढे ग्वाटेमालाच्या अरण्यात जॅग्वारांना छायाचित्रण-यंत्रांसमोर आणण्यासाठी त्याचाच उपयोग झाला. त्यातील जो घटक मार्जारकुलाला विशेष भुलवतो असे मानतात, तो जवादी मांजराच्या ग्रंथीतून स्रवणाऱ्या कस्तुरीसदृश द्रव्याच्या जातीचा आहे. या द्रव्यातील मुख्य रेणूची रचना लिओपोल्ड रुझिका या रसायनशास्त्रज्ञाने 1926 साली उलगडली, आणि आज तो कारखान्यात बनतो. आपल्याकडे मात्र जवादी हा पदार्थ शतकानुशतके परिचित आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या सुगंधखान्याचे वर्णन करताना त्याची नोंद घेतली आहे, आणि तिरुमलेला व्यंकटेशाच्या अभिषेकात या मांजराचे तैल आजही वापरले जाते. सुगंधाच्या शास्त्राला तर मराठीतही जुना आधार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी ज्या ‘गंधवाद’ नामक ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्या मूळ संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि धूप, उटणे, तेल यांच्या पाकक्रिया समजून घेण्याची आस्था त्या काळच्या मराठी वाचकाला होती, एवढे तिच्यावरून निश्चित होते.

निलंग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात मोडणाऱ्या कल्याणीत, चालुक्य सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्या एकाच ग्रंथात राजाच्या विलेपनाचे आणि धूपाचे प्रकरण आहे, मृगयेचे आहे, आणि मत्स्यविनोदाचेही आहे. कोणत्या जातीच्या माशाला कोणते आमिष रुचते, याचा विचार त्यात इतक्या बारकाईने केला आहे की विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. प्रत्येक जीवाची रुची निराळी आणि आमिष त्या रुचीप्रमाणे बदलले पाहिजे, हा विचार आपल्या परिसरात नऊशे वर्षांपूर्वी लेखनिविष्ट झालेला होता.

तथापि या विद्येचा सर्वांत परिपक्व नमुना कोणत्याही ग्रंथात नव्हता. तो फासेपारध्यांच्या, आणि त्यांतही चित्ते पकडणाऱ्या पारध्यांच्या हातांत होता. दख्खनच्या पठारावर, जेथे काळविटांचे कळप होते तेथे चित्ता होता, आणि जेथे चित्ता होता तेथे राजेरजवाड्यांना शिकारीसाठी तो जिवंत हवा असे. बंदिवासात वाढवलेला बच्चा या कामी निरुपयोगी ठरे, कारण शिकार त्याला आईनेच शिकवलेली असावी लागते. म्हणून रानातले पूर्ण वाढलेले जनावर, त्याचा पाय न मोडता, पकडण्याची कला मोलाची ठरली. अकबराच्या काळी त्यासाठी खड्डे खणत, परंतु त्यांत पडून चित्ते जायबंदी होत, म्हणून बादशहाने खड्ड्याची खोली कमी करून त्यावर झडपेचे दार बसवले, असे अबुल फजल सांगतो. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, पूर्वी ज्या जनावराला माणसाळवायला दोन-तीन महिने लागत, ते अकबराच्या देखरेखीखाली अठरा दिवसांत तयार होई. पारध्याची रीत मात्र खड्ड्याहून सूक्ष्म होती. माळरानावर चित्ता काही ठराविक झाडांपाशी वारंवार येतो. तेथे तो खोडावर नखे घासतो, मूत्राचा फवारा मारतो, विष्ठा ठेवतो, आणि दुसऱ्या चित्त्याने ठेवलेला निरोप वाचून जातो. गावातली बातमी जशी चावडीवर येते, तशी त्या मुलखातल्या सर्व चित्त्यांची बातमी त्या झाडापाशी येते. पारधी हे झाड हेरी, त्याच्या बुंध्याभोवती हरिणाच्या तातीचे फासे खुंट्यांना बांधून जमिनीवर मांडी, आणि स्वतः दूर दबा धरून बसे. जनावर फाशात अडकले की त्याच्यावर कांबळे टाकून त्याला जेरबंद केले जाई.

या रीतीचे मर्म असे, की पारध्याने बाहेरून काहीही आणलेले नव्हते. बकरे नाही, मांस नाही, अत्तर नाही. जनावराने स्वतः लिहिलेला गंधलेखच त्याचे आमिष झाला. गंधाचे आमिष निवडताना जी चूक सर्वत्र होते, ती अशी की माणूस आपल्याला तीव्र वाटणारा वास निवडतो. उत्तर अमेरिकेचे जुने सापळेकरी लांडग्यासाठी हिंगासारख्या उग्र वस्तू वापरत, कारण तीव्र वास दूर पोहोचतो हे खरे आहे. परंतु दूर पोहोचणारा वास कुतूहल जागे करतो, आणि कुतूहलाबरोबर संशयही येतो. स्वजातीयाचा वास संशय निर्माण करीत नाही, उलट त्याला उत्तर देणे जनावराला भाग पडते. बोराटीतही अत्तराच्या जोडीला दुसऱ्या वाघिणीचे मूत्र वापरले गेल्याच्या वार्ता होत्या. त्या दोहोंपैकी मला मूत्राचाच उपाय अधिक शास्त्रशुद्ध वाटतो. वाघाच्या त्या फवाऱ्याची रसायनेही आता परिचित झाली आहेत. ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे सरोजराज चौधरी यांनी घरी वाढवलेल्या खैरी या वाघिणीच्या सहवासात प्रा. रतनलाल ब्रह्मचारी यांनी या गंधाचा अभ्यास केला, आणि वाघाच्या फवाऱ्यात 2-अॅसिटिल-1-पायरोलिन हा पदार्थ त्यांना सापडला. बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचा सुवास याच पदार्थाचा. मोहाच्या फुलांतही तो ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. चैत्रात किनवटच्या रानात मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या टोपलीत आणि वाघाने खुणावलेल्या झाडाच्या सालीवर एकच रेणू असावा, ही गोष्ट मला अत्यंत विस्मयकारक वाटते.

ज्यांच्याजवळ हे ज्ञान होते, त्यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. इंग्रजी मुलखात 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, हैदराबाद संस्थानानेही त्याच धर्तीचा कायदा केला, आणि जो माणूस रानोमाळ हिंडूनच पोट भरत होता त्याच्या हिंडण्यालाच गुन्हा ठरवण्यात आले. पारध्याने गावात येताना पाटलाला वर्दी द्यावी, गाव सोडताना परवानगी घ्यावी, रात्री हजेरीला उभे राहावे, अशा जाचात एक संपूर्ण जमात पिढ्यान्‌पिढ्या भरडली गेली. त्याच काळात सरकारी खजिन्यातून हिंस्र पशूंच्या मुंडक्यांवर बक्षिसे वाटली जात होती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी काढलेल्या हिशेबाप्रमाणे 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे आणि दोन लाख लांडगे बक्षिसापायी मारले गेले. या संहारात बंदूक आणि विष पुरेसे होते. जनावराचा स्वभाव जाणण्याची गरजच उरली नाही. चित्ता तर शेवटी राजाश्रयाच्या अतिरेकानेही संपला, कारण पकडून आणलेले चित्ते बंदिवासात प्रजा देत नसत आणि प्रत्येक नव्या जनावरासाठी पुन्हा रानालाच हात घालावा लागे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूरसारख्या दरबारांनी आफ्रिकेतून ते आणवले. 1952 साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि त्याच 1952 साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन पारधी कागदोपत्री मुक्त झाला. ज्या जनावराचे झाड त्याला ओळखता येत होते, ते जनावर त्याच्या सुटकेच्या वर्षी उरले नव्हते. वीस वर्षांनी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापळा लावणे आणि फासा मांडणे यांचाही शिकारीच्या व्याख्येत समावेश केला. तो कायदा आवश्यक होता यात मला शंका नाही. परंतु त्याने रोखलेल्या हातांतले ज्ञान वनखात्याच्या कामी सन्मानाने घेण्याची व्यवस्था त्याच वेळी व्हावयास हवी होती.

त्या ज्ञानाची किंमत किती, हे नामिबियातून कळले. तेथील शेतकरी चित्त्यांना पकडण्यासाठी पिंजरे खुणेच्या झाडांपाशीच लावत आले आहेत, म्हणजे पारध्याचीच युक्ती त्यांनी स्वतंत्रपणे शोधली आहे. बर्लिनच्या लायबनित्झ संस्थेतील मेल्झहाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून अनेक वर्षे माग काढला, आणि 2020 साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की त्या मुलखातले चित्ते खुणेच्या झाडांच्या थोड्या केंद्रांभोवतीच एकवटतात, आणि वासरांचा फडशाही मुख्यतः तेथेच पडतो. मग शेतकऱ्यांनी पिंजरा लावण्याऐवजी वासरे असलेला कळप त्या केंद्रांपासून दूर चारायला नेला, आणि वासरांची हानी 86 टक्क्यांनी घटली.

मुखेड, कंधार, अहमदपूर या बालाघाटाच्या माळांवर मेंढ्यांच्या वाघरी, म्हणजे रात्री कळप कोंडण्याच्या जाळ्या, टाकणाऱ्या धनगर-हटकरांचा प्रश्न चित्त्याचा नाही, लांडग्याचा आहे. पण लांडगाही आपल्या वाटांच्या तिठ्यांवर आणि गवताच्या ठोंबांवर गंधाने लिहितो. त्या खुणा वाचून वाघर कोठे टाकू नये हे ठरवण्याचा प्रयोग आपल्या माळावर शास्त्रीय रीतीने व्हावा, आणि तो करताना माग काढायला प्रथम पारध्यांना आणि मेंढपाळांना योग्य वेतनावर नेमावे, असे माझे मागणे आहे.