नाखूश धावपटू आणि केसाळ माशी

मोठ्या शहरातली मॅरेथॉन सुटण्याआधी सर्वांत मागे उभी असलेली गर्दी नीट पाहावी. पुढच्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. मागच्यांच्या टी-शर्टवर संस्थांची नावं असतात: कुणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी आलेलं, कुणी गेंड्यांसाठी, कुणी मधमाश्यांसाठी. यांतल्या कित्येकांना धावण्याची हौस नसते. शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसून राहणारे ते हेच. पण नातेवाइकांकडून, ऑफिसातल्या मंडळींकडून देणग्या घेऊन झालेल्या असतात, म्हणून पळायचं. मदतनिधीसाठीच्या शर्यतींचा इतिहास वाचताना लक्षात येतं, की हा रिवाज वाढला तो या नाखूश माणसामुळे.

सुरुवात चालण्यापासून झाली. अमेरिकेतल्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेनं १९७० साली लोकांना चालायला बोलावलं. सहभागी माणसानं ओळखीच्यांना गाठायचं आणि आपण चालणार त्या अंतराच्या हिशेबानं मदतीचा शब्द घ्यायचा. आपल्याकडे आजारी लेकरासाठी नवस बोलून आई अनवाणी तुळजापूरला जाते. शरीर कष्टवून दुसऱ्यासाठी मागण्याची ही रीत माणसाला जुनीच. इथे मागणं शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे होतं, एवढाच फरक.

या रिवाजाला चेहरा दिला तो टेरी फॉक्सनं. कॅनडातल्या या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट जॉन्समधून पश्चिमेकडे निघाला. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोजची एक मॅरेथॉन. पहिले काही आठवडे रस्त्यावर फारसं कुणी विचारलं नाही. मग गावोगाव गर्दी लोटू लागली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बे शहराजवळ तो थांबला, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर मिळावा, एवढीच त्याची मागणी होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांहून जास्त डॉलर जमले आणि ती पुरी झाली. जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच सप्टेंबरात त्याच्या नावानं पहिली दौड झाली आणि सुमारे तीन लाख लोक रस्त्यावर उतरले. या दौडीत आजही कुणी जिंकत नाही. पळा, चाला, व्हीलचेअरवरून या, सगळं चालतं. ज्याला धावता येत नाही त्यालाही जागा ठेवणारा हा नियम फार मोलाचा आहे.

त्याच वर्षी, २९ मार्च १९८१ रोजी, लंडन मॅरेथॉन सुरू झाली. तिचा एक संस्थापक ख्रिस ब्रॅशर हा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. पण न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावून आल्यावर तो भारावला होता तो तिथल्या साध्या माणसांच्या मेळ्यानं. पहिल्या लंडन मॅरेथॉनमध्ये सहा हजारांवर लोक शेवटपर्यंत पोहोचले, आणि सर्वांत पुढच्या दोघांनी, डिक बर्डस्ली आणि इंगे सिमोनसेन यांनी, हातात हात घालून रेषा ओलांडली.

तरीही सराव नसलेल्या माणसाला ४२ किलोमीटर पळवायचं कसं? १९८८ मध्ये ब्रूस क्लीलंड या अमेरिकी बापानं त्याचं उत्तर काढलं. मुलीला रक्ताचा कर्करोग होता. त्यानं ३८ जण जमवले, प्रशिक्षक मिळवला आणि सगळ्यांना न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरवलं. जमले ३ लाख २२ हजार डॉलर. संस्थेनं सराव करून घ्यायचा आणि धावणाऱ्यानं निधी आणायचा, ही घडी तिथून बसली. मुंबईत १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मोठी मॅरेथॉन झाली, तेव्हा तिच्यात सर्वसामान्यांसाठी छोटी ‘ड्रीम रन’ही होती.

आजारी मुलासाठी कुणीही खिशात हात घालतो. किड्यांसाठी कोण घालणार? या रिवाजाचा खरा कस इथे लागतो, आणि ब्रिटनमधल्या बंबलबीची कहाणी त्यासाठीच सांगायला हवी. बंबलबी म्हणजे थंड हवेत राहणारी गुबगुबीत, केसाळ माशी. तिच्या काही जातींची सोंड लांब असते, त्यामुळे लाल क्लोव्हरच्या खोल फुलांतला मकरंद तिला सहज काढता येतो. हे क्लोव्हर घोड्यागुरांचा चारा. इंग्रज वसाहतवाल्यांनी ते न्यूझीलंडमध्ये पेरलं, पण परागीभवन नीट होईना, म्हणून बी धरेना. अखेर १८८५ मध्ये इंग्लंडमधून बंबलबीच्या राण्या आगबोटीनं तिकडे नेल्या गेल्या. त्या रुजल्या आणि क्लोव्हरला बी धरू लागलं.

मायदेशात मात्र उलटं घडलं. घोडे गेले, ट्रॅक्टर आले. क्लोव्हरच्या जागी रासायनिक खत आलं. १९३० च्या दशकापासून पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणं नाहीशी झाली. आखूड केसांची बंबलबी १९८८ मध्ये केंट परगण्यातल्या डंजनेसला शेवटची दिसली आणि २००० साली ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २००६ मध्ये डेव्ह गूल्सन आणि बेन डार्व्हिल यांनी ‘बंबलबी कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ स्थापन केला. न्यूझीलंडमधल्या वंशजांना परत आणण्याची खटपट झाली, पण ते फार थोड्या राण्यांपासून वाढलेले, रक्त जवळचं. मग स्वीडनच्या दक्षिणेतून राण्या आणल्या आणि २०१२ पासून काही वर्षं त्या डंजनेसला सोडल्या. कामकरी माश्या दिसल्याही, पण जात पुन्हा कायमची वसली नाही.

हा सगळा खटाटोप वाया गेला, असं म्हणणं चुकीचं ठरेल. या राण्यांसाठी शेतकऱ्यांनी बांधांवर आणि पडीक तुकड्यांवर शेकडो हेक्टर फुलं वाढवली. त्यामुळे तिथे इतर दुर्मीळ बंबलबी पुन्हा दिसू लागल्या. अशा कामाला वर्षानुवर्षं पैसा लागतो: बियाणं, कुरणांची वेळेवर कापणी, शेतकऱ्यांना सल्ला देणारी माणसं.

म्हणून माश्यांसाठी पळणारा नाखूश धावपटू फार कामाचा. तो पन्नास जणांकडे देणगी मागतो तेव्हा पन्नास वेळा त्याला सांगावं लागतं, की ही माशी पोळ्यातल्या मधमाशीपेक्षा वेगळी आहे, ती फुलावर स्नायू थरथरवून पराग झाडते आणि टोमॅटोसारख्या पिकाला त्याचाच मोठा उपयोग होतो. एरवी हे कुणी ऐकून घेतलं नसतं. दमलेल्या, घामाघूम ओळखीच्या माणसाचं मात्र लोक ऐकतात. जमलेल्या रकमेइतकंच या बोलण्याचं मोल आहे.

ज्याला धावायचंच नाही त्याच्यासाठीही ट्रस्टकडे काम असतं. ‘बीवॉक’ नावाच्या योजनेत स्वयंसेवक एक-दोन किलोमीटरची एक ठरलेली वाट निवडतात. मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा, त्या वाटेनं सावकाश चालायचं, दिसेल ती बंबलबी जातीनिशी मोजायची आणि ती कोणत्या फुलावर होती तेही टिपायचं. कोणत्या भागात कोणती जात घटते आहे आणि पुढच्या हंगामात बियाणं कुठे टाकायचं, हे ठरवायला या नोंदी लागतात.