सहा तासांची पाळी

आमच्या परिचयाच्या बऱ्याच मराठी कुटुंबांत आता एक भाचा न्यू जर्सीत आणि एक पुतण्या म्युनिकला असतो. भाच्याचा पगार मोठा, घर मोठे, गाडी तर त्याहून मोठी. रजा मात्र वर्षाकाठी दोन-अडीच आठवडे, आणि तीही साहेबाचा चेहरा पाहून मागायची. पुतण्याचा पगार त्या मानाने बेताचा, शिवाय करांनी कातरलेला. पण ऑगस्टात तीन आठवडे तो कोणालाच सापडत नाही. यावर घरातील वडीलधाऱ्यांचा निकाल ठरलेला असतो. अमेरिकन माणूस कामासाठी जगतो, युरोपियन जगण्यासाठी काम करतो. ज्याचा त्याचा स्वभाव!

हा निकाल आम्हास कधीच पटलेला नाही. फरक खरा आहे, यात वाद नाही. अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे अमेरिकेतील कामकरी माणूस वर्षाला सुमारे १८०० तास काम करतो, जर्मनीतील सुमारे १३५०. (जर्मनीच्या आकड्यात अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, हे ध्यानात ठेवावे, तिच्याकडे पुढे यायचेच आहे.) पण हा स्वभाव म्हणावा, तर तो आला कोठून? काही विद्वान येथे माक्स वेबरचा दाखला देतात. कष्टाला पुण्य मानणारी प्रॉटेस्टंट वृत्ती त्याने १९०४-०५ मध्ये वर्णिली, हे खरे. मात्र वेबर स्वतः जर्मन होता, आणि त्या वृत्तीचे एक माहेरघर असलेले नेदरलंड्स आज जगातील सर्वांत कमी तास काम करणाऱ्या देशांत मोडते. शिवाय १९७०च्या सुमारापर्यंत पश्चिम युरोपातील कामगार अमेरिकन कामगाराइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, राबत होते. स्वभाव काही तीस वर्षांत बदलत नसतो.

वस्तुतः कमी तासांच्या लढ्यात अमेरिका एकेकाळी आघाडीवर होती. १ मे म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिनाच्या जोडीने कामगार दिन आठवतो, पण त्या दिवसाचे जन्मगाव शिकागो आहे हे फारसे आठवत नाही. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम बंद ठेवले. तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब पडला, पोलीस आणि कामगार मेले, आणि पुढल्या वर्षी चौघांना फाशी झाली. त्यांच्यापैकी कोणी तो बॉम्ब टाकल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. १८८९च्या पॅरिस परिषदेने तो दिवस जगासाठी उचलला. खुद्द अमेरिकेने मात्र १८९४ मध्ये आपला कामगार दिन सप्टेंबरात नेऊन ठेवला.

तरीही मागणी मेली नाही. मंदीच्या काळात तर ती अशा ठिकाणी पोचली की आज वाचताना विश्वास बसू नये. ६ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेच्या सिनेटने आठवड्याला तीस तासांचे विधेयक ५३ विरुद्ध ३० मतांनी संमत केले. तीस तास! बेकारांना काम मिळायचे असेल तर असलेले काम वाटून घ्यावे, इतका साधा हिशेब त्यामागे होता. उद्योगपती बिथरले, रूझवेल्ट यांनी पाठ फिरवली, आणि विधेयक पुढे सरकलेच नाही. १९३८च्या कायद्याने अखेर चाळीस तासांची रेघ आखली; तीही मनाई म्हणून नव्हे, त्यापुढच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी द्यावी एवढीच.

या काळातील एका गावाची हकीकत आम्हास विशेष मोलाची वाटते. मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे केलॉग यांचा कॉर्नफ्लेक्सचा कारखाना आहे. १ डिसेंबर १९३० पासून तेथे आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू झाल्या. एका पाळीइतक्या नव्या लोकांना काम मिळाले. ताशी मजुरी साडेबारा टक्क्यांनी वाढवली, त्यामुळे हप्ता घटला, पण पाव हिश्श्याने घटला नाही. बेंजामिन हनिकट या इतिहासकाराने पुढे तेथील वृद्ध कामगारांशी बोलून या प्रयोगावर पुस्तक लिहिले. त्या दोन तासांचे लोकांनी केले काय? परसात भाजी लावली, फळे बरण्यांत भरली, वाचनालयात गेले, चेंडूफळी खेळले, आजारी शेजारणीकडे जाऊन बसले. यात इतिहासाला नोंद घ्यावीशी वाटेल असे काहीच नाही, आणि हेच आम्हास त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

महायुद्धात आठ तास आले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये कामगारांनी मोठ्या बहुमताने पुन्हा सहा तास मागून घेतले. मग मात्र गळती लागली. एकेका खात्याला आठ तास निवडण्याची मुभा मिळाली आणि पुरुषांची खाती एकामागून एक तिकडे वळली. सहा तासांच्या खात्यांना 'पोरींची खाती' असे हिणवू लागले. कमी काम हा जो काल हक्क होता तो आज बायकी दुबळेपणा ठरला!

या मनःपालटामागे पैशाचा लोभच होता असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. युद्धकाळात, १९४२ मध्ये, मजुरीवाढीवर सरकारने बंधने घातली. आरोग्यविम्यासारख्या सवलती त्यांतून सुटल्या. माणसे टिकवण्यासाठी मालक विमा देऊ लागले, त्यावर करमाफीही मिळाली, आणि अमेरिकन माणसाचे औषधपाणी त्याच्या नोकरीला बांधले गेले. विम्याचा खर्च डोईमागे असतो, तासामागे नव्हे. दोन माणसे कमी वेळ ठेवण्यापेक्षा एकाकडून जास्त वेळ काम घेणे मालकाला स्वस्त पडू लागले, आणि कमी तास मागणे म्हणजे विमाच धोक्यात घालणे, हे कामगारालाही कळले. आमचा भाचा रजा मागताना चाचरतो, त्याची मुळे येथवर जातात असे आम्ही मानतो. व्हिसाची टांगती तलवार निराळीच.

युरोपात गाडी दुसऱ्या रुळावरून गेली. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेऑं ब्लुम यांचे सरकार येताच कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले, आणि जूनमध्ये चाळीस तासांचा आठवडा व दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळवली. त्या उन्हाळ्यात रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटावर सुमारे सहा लाख लोक फिरायला गेले. त्यांतील कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. पुढे १९५६, १९६९ आणि १९८२ साली एकेक आठवडा वाढत रजा पाच आठवड्यांची झाली. पश्चिम जर्मनीत १९५६ मध्ये कामगार संघटनांनी फलकावर एक लहान मूल उभे केले; शनिवारी बाबा माझे, असे ते म्हणत होते. १९८४ मध्ये धातुकामगारांनी पस्तीस तासांसाठी सुमारे सात आठवडे संप केला आणि १९९५ पर्यंत ते पदरात पाडून घेतले. अमेरिकेत मात्र खासगी नोकरदारास एक दिवसही पगारी रजा देण्याची सक्ती करणारा संघराज्याचा कायदा आजही नाही.

याचे कारण काय, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडत आले आहेत. प्रेस्कॉट यांनी २००४ मध्ये सारा भार युरोपातील चढ्या करांवर टाकला; जादा तासाचे पैसे सरकारच नेणार असेल तर राबायचे कशाला? पुढल्याच वर्षी अलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगार संघटना व कायद्यांकडे बोट दाखवले. आमचे माप दुसऱ्या बाजूला झुकते. रजा एकट्याने घेण्यात फारशी गोडी नसते. सगळा गाव सुटीवर असला की सुटीला चव येते, आणि सगळ्या गावाला एकदम सुटी मिळवून देणे संघटनेशिवाय जमत नाही.

आता राहिला आनंद. येथे आमच्या पक्षाची थोडी पंचाईत होते, ती लपवण्यात अर्थ नाही. उत्पन्न वाढते तसा देशाचा आनंद वाढत नाही, असे ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडले. पण फुरसत वाढली की तो वाढतो, असेही सरळ दिसत नाही. डेन्मार्क आणि नेदरलंड्स सर्वेक्षणांत अमेरिकेच्या पुढे असतात. फ्रेंच मात्र पाच आठवडे रजा भोगूनही बहुतेक वेळा अमेरिकनांच्या मागेच. (फ्रेंचांना कुरकुरण्यातच आनंद वाटतो, असे कोणी म्हणेल. असो.) शिवाय हे तास मोजताना घरचे काम कोणी मोजत नाही. अमेरिकन कुटुंब जेवण विकत घेते, मूल पाळणाघरात ठेवते. युरोपियन कुटुंबात ते काम घरीच होते आणि अजूनही बहुतांशी बाईच करते. जर्मनीच्या कमी तासांतील काही तास फुरसतीचे नसून स्वयंपाकघराचे आहेत.

बॅटल क्रीकच्या स्त्रियांना हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? घरी दुसरी पाळी आपली वाट पाहत आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? तरीही सहा तास शेवटपर्यंत धरून राहिले ते बहुतांशी त्यांनीच. १९८४ मध्ये कंपनीने काम दुसरीकडे हलवण्याची धमकी दिली आणि १९८५ मध्ये ती पाळी बंद पडली. तेव्हा उरलेल्या कामगार गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात जमल्या, एक काळी शवपेटी मांडली, आणि सहा तासांचा त्यांनी रीतसर शोक केला. दुसऱ्या दिवसापासून काहीजणी आठ तासांना गेल्या, काहींनी निवृत्ती घेतली.