भाजीचा रंग आणि मजुरीचा हिशेब

१९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरविताना डॉ. आयक्रॉइड यांनी सांगितलेले उष्मांक प्रमाण मानले: माणशी २७००. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील वाटाघाटींत आम्ही तोच आकडा पुढे करीत आलो. पण श्रोतेहो, पालेभाजीत उष्मांक थोडे. महागाईत डब्यातून पहिली गळते ती तीच.

तिच्याबरोबर काय गळते? १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून कॅरोटीन हे रंगद्रव्य काढले. १९३० मध्ये टॉमस मूर याने उंदरांवर दाखविले की, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनविते. रातांधळेपणात भाजी का गुणकारी, हे उलगडले. पुढे त्याचे भावंड ल्युटीन माणसाच्या मेंदूतही सापडले. मेंदूत चरबी फार, प्राणवायूचा खपही फार. तेथील झीज ही द्रव्ये आवरीत असावीत, असा तर्क आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील डॉक्टरांवरच केलेल्या चाचणीत सरासरी १८ वर्षे बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती किंचित सरस आढळली. अल्पकाळ घेणाऱ्यांना तो लाभ दिसला नाही. स्मृतिभ्रंश टळतो, हे मात्र अद्याप सिद्ध नाही.

गोळ्यांच्या मागे तर लागूच नये. १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत त्याच गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक झालेला दिसला. आमच्या विडीवाल्या मंडळींनी हे कान देऊन ऐकावे! त्यापेक्षा तांदुळजा, शेवग्याचा पाला बरा, आणि तोही फोडणीचा. कॅरोटीन तेलात विरघळते. म्हणून पुढच्या मागणीपत्रात भाजी आणि तेल यांचे भाव आम्ही वेगळे मांडणार आहोत.